मायचा वाडगा

जपानी हॉटेलात जेवते म्हटलं की आमच्या गावात पहिला प्रश्न येतो, "बेडूक खातीस का?" दुसरा येतो, "त्या काड्यांनी पोट भरतंय का?" आणि तिसरा कुणी तोंडावर विचारत नाही, पण डोळ्यांत दिसतो, "कुणासंगं जातीस?" तिन्हींची उत्तरं एकदाच देऊन टाकते. बेडूक नाही. भरतं. एकटीच जाते.

पुण्यात माझ्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत, पंक्चरवाला आणि झेरॉक्सचं दुकान यांच्यामधे ते हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे काय, एक लांब लाकडी फळी, तिच्या अलीकडं सात-आठ उंच स्टुलं आणि पलीकडं उकळणारी पातेली. मालक तोच आचारी. दार्जिलिंगकडचा माणूस, जपानात कैक वर्षं राबून आलेला. साध्या थाळीच्या पैशात तो रामेन देतो. रामेन म्हणजे गरमागरम रस्सा, त्यात जाड शेवया, वर अर्धं अंडं, कोंबडीचे काप आणि कांद्याची पात. रश्शात पडल्या की शेवया फुगायला लागतात, म्हणून त्याच्याकडं एकच नियम आहे. वाडगा समोर आला की खायचं. शेजारच्याचा आला का नाही ते बघत बसायचं नाही.

लोकांना हा नियम उद्धट वाटतो. मला पहिल्याच दिवशी आवडला. मी ज्या घरातून आले तिथं बाईनं कुणाकुणाचं जेवण व्हायची वाट बघायची, याची यादी लांबलचक होती. इथं एक माणूस मला ओळखत नव्हता, पाळखत नव्हता, आणि माझ्यापुढं गरम वाडगा आदळून म्हणत होता, "खाओ, खाओ, ठंडा होगा." तेव्हापासून मी तिथली झाले.

आमचं घर गेवराई तालुक्यात, तलवाड्याच्या अलीकडं. घर खाऊनपिऊन सुखी. ऊस आहे, कापूस आहे, दावणीला जनावरं आहेत. आण्णा, म्हणजे माझे वडील, एके काळचे सरपंच. आता पद गेलं, पण ओटा राहिला. सकाळी उजाडल्यापासून आमच्या ओट्यावर माणसं असतात. कुणाचा बांध कोरलेला, कुणाचं बदलीचं काम, कुणाला सोसायटीत उभं राहायचंय. आलेला माणूस जेवल्याबिगर जायचा नाही, ही आण्णांची इज्जत. आणि ती इज्जत दोन हातांनी थापायची माझ्या मायनं.

आधी ओट्यावरचे पुरुष, मग पोरंटोरं, मग गडीमाणसं, मग बायका. बायकांतही माय शेवटची, कारण वाढणारी ती. तोवर टोपल्याच्या तळाच्या भाकरीला पाणी सुटलेलं असायचं. कालवण उरलं तर उरलं, नाही तर चटणीवर तेल. मी लहानपणी विचारायचे, माय, तू गरम कावून खात न्हाईस. ती म्हणायची, "मला चालतंय." करपलेली भाकरी, मला चालतंय. सकाळची भाजी, मला चालतंय. तिच्या तोंडून हे दोन शब्द मी इतक्यांदा ऐकलेत की ते नुसते कानावर पडले तरी माझं डोकं फिरतं.

मागच्या वर्षी मायला चक्कर यायला लागली. चुलीपुढं बसल्या बसल्या एकदा ती तव्यावर कलंडता कलंडता वाचली. बीडला दाखवलं, तिथून पुण्याला पाठवलं. गर्भाशयात गाठ निघाली. काढावी लागणार होती. पण पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद बघितला आणि तो खाली ठेवला. म्हणाल्या, "अंगात रक्तच नाहीये. असं टेबलावर घेतलं तर मी हमी देऊ शकत नाही. आधी रक्त वाढवून आणा. गोळ्या लिहून देते, पण नुसत्या गोळ्यांनी होणार नाही. वेळेवर, ताजं, पोटभर जेवण पाहिजे." मग चष्म्यावरून आण्णांकडं बघून त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "घरी खायची अडचण आहे का?"

आण्णांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, खांद्यावर गमछा, आणि त्या माणसाला कुणीतरी विचारत होतं की तुमच्या घरी खायला आहे का. "आमच्या घरी रोज गाव जेवतं," आण्णा म्हणाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी गावाचं नाही विचारलं." मी खाली मान घालून हसले. वाईट प्रसंग होता, पण आलं हसू.

बाहेर पडलो तेव्हा दुपार कलली होती. सकाळपासून मायच्या पोटात काही नव्हतं, कोपराच्या खळग्यात रक्त काढलेल्या जागी कापूस चिकटवलेला. आण्णा म्हणाले, खानावळ बघ. मी म्हणाले, खानावळ न्हाई, मी जिथं जेवते तिथं चला. "तुझ्या त्या चिन्यांकडं?" आण्णा म्हणाले. मी म्हणाले, जपानी. ते म्हणाले, एकच झालं की. रिक्षात बसेपर्यंत ते पुटपुटत होते. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते मी त्यांच्याकडूनच शिकलेय.

हॉटेलात माय दारातच थबकली. तिनं चपला काढल्या. आचाऱ्यानं हसून पायात राहू द्या म्हणून खुणावलं, तरी ती अनवाणीच आत आली. खरी पंचाईत पुढं होती. फळी एकच, स्टुलं एका ओळीत. आण्णांच्या खांद्याला खांदा लावून बसल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. लग्नकार्यात, एस्टीत, देवाला गेल्यावर, माय कायम बायकांत बसलेली. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, बस. आण्णांना एका कडेला, मायला मधे आणि मी दुसऱ्या कडेला, अशी आमची बैठक झाली. मायचे पाय जमिनीला टेकत नव्हते. पदर डोक्यावर ओढून ती स्टुलाच्या कडेवर अशी बसली की हाक आली तर लगेच उठता यावं.

"ये कायका है?" आण्णांनी आचाऱ्याला पातेल्याकडं बोट करून विचारलं. कोंबडीचा रस्सा आहे म्हणाल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी फर्मावलं, "अपने को तिखट लगता. जरा दम का बनाव." आचाऱ्यानं मान डोलावली. तिखटाचा वेगळा करावा लागणार होता, म्हणून पहिला वाडगा मायपुढं आला.

वाफ तिच्या तोंडावर गेली. तिनं वाकून आत बघितलं, मला हळूच म्हणाली, "शेवया हायत की गं." आणि दोन्ही हातांनी तो वाडगा उचलून आण्णांपुढं ठेवला.

आण्णांनी चमचा घेतला आणि खायला लागले. त्यांनी वर बघितलं नाही. तिनं का दिला, तिचं काय, असलं काही त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. मी म्हणाले, "आण्णा, त्यो मायचा हाय." ते घास चावत म्हणाले, "तिचा येईल की."

आला. तिखटाचा, लालभडक, तोही आचाऱ्यानं मायपुढंच ठेवला, कारण रिकामी जागा तिचीच होती. मागोमाग माझा आला. मी खायला लागले. मायचे हात मांडीवर. ती आण्णांच्या वाडग्याकडं बघत होती, कधी संपतंय, आणखी काही लागतंय का. मी कोपरानं ढोसलं, खा की. ती म्हणाली, "होऊंदे त्यांचं." आण्णांना ठसका लागला. पाण्याचा जग त्यांच्या हाताशी होता, वीतभर अंतरावर. ते म्हणाले, "पाणी." आणि माझी माय, अंगात रक्त नसलेली, सकाळपासून उपाशी, त्या उंच स्टुलावरून खाली उतरली, त्यांच्या मागून वळसा घालून पलीकडं गेली आणि त्यांच्या हाताशी असलेल्या जगातलं पाणी त्यांना ओतून दिलं. मग परत बसलीच नाही. त्यांच्या पाठीशी उभी राहिली, घरी राहते तशी. तिच्या वाडग्यात शेवया फुगून वर आल्या, रस्सा दिसेनासा झाला.

आचारी हे सगळं बघत होता. तो आला आणि त्यानं तिचा वाडगा उचलला. "ये गया," तो म्हणाला. "दूसरा देता हूँ."

माय घाबरली. अन्न टाकून द्यायचं म्हणजे काय. तिनं पुढं येऊन वाडग्याची दुसरी कड धरली. "न्हाई, न्हाई, राहूंद्या. मला चालतंय."

फळीच्या अलीकडं माय, पलीकडं आचारी, दोघांनी एक वाडगा धरलेला. त्याला मराठी कळत नव्हतं, पण तो सोडेना. आण्णांना हे शोभलं नाही. त्यांनी तोंड पुसलं आणि ओट्यावरच्या आवाजात त्याला समजावलं, "देखो मालक, हमारे में औरतां बाद में खातेत. रिवाज है."

आचारी म्हणाला, "सर, मेरे यहाँ जिसका बन गया, वो खाता है. रुकना है तो बाहर बेंच है."

आजवर आण्णांना कुणी असं बोललेलं नव्हतं. ते उठायलाच लागले. म्हणाले, चला, पैसे देऊन टाक, जेवण गेलं खड्ड्यात. तेव्हा माझं जे डोकं सटकलं ते सटकलंच. मी म्हणाले, "बसा खाली, आण्णा."

"आवाज कमी कर," ते म्हणाले.

"न्हाई करणार. त्या बाईनं दवाखान्यात काय इचारलं तुमाला? घरी खायला हाय का म्हनून. तुमी म्हणलात गाव जेवतंय. माय जेवती का, ते ठाव हाय का तुमाला? रक्त कुटं गेलं म्हनून गोळ्या घ्यायलोय, सोनोग्राफ्या करायलोय. हितं गेलं रक्त. आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत तिचा वाडगा तुमी जेवलात, आन दुसरा उभ्यानं वाट बघण्यात गेला. रोज दोन टायम ह्येच चाललंय. तिला मरायला टाकायचं आसंल तर तसं सांगा, मी तिला गावी धाडीतच न्हाई."

हॉटेलातली दोन पोरं मान खाली घालून खात होती. आण्णांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता उठतात आणि मायला घेऊन जातात, आणि माय जाईलही. पण ते बसले. का बसले ते मला ठाऊक नाही. वाडग्यात थोडं उरलं होतं म्हणून असेल, रस्त्यावर तमाशा नको म्हणून असेल. माझ्या बोलण्यानं त्यांचं काळीज हललं, असं मी म्हणणार नाही. त्यांच्या काळजाचा मला तेवढा भरवसा नाही.

मायला मी हाताला धरून स्टुलावर बसवलं. आचाऱ्यानं तिसरा वाडगा ठेवला आणि तिच्यासमोर हाताची घडी घालून उभा राहिला. तिनं आण्णांकडं बघितलं. आण्णांचा वाडगा एव्हाना रिकामा झाला होता, फोन दवाखान्यात बंद पडलेला, बोलायला ओट्यावरचं कुणी नाही. त्यांना दुसरं काही बघायला नव्हतं म्हणून ते तिच्याकडं बघत होते. ते म्हणाले, "खा आता. कावून बघतीस?"

तिनं मोठा घास घेतला आणि तिचं तोंड भाजलं. डोळ्यांतून पाणी आलं. आम्ही सगळे गरम खाणारे आधी फुंकर मारतो, जिभेच्या टोकानं बघतो. हे कुणी शिकवत नाही, खाऊन खाऊन येतं. मायला ते येत नव्हतं. पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या मायला गरम घास कसा खायचा ते माहीत नव्हतं.

आचाऱ्यानं तिला करून दाखवलं. शेवया तोंडात ओढताना भुरका मारायचा, जोरात, म्हणजे निवतं. तिनं पदर तोंडाला लावून मान हलवली. आमच्यात बाईनं जेवताना आवाज करायचा नसतो. मी मारला भुरका, तिला ऐकू जाईल असा. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि मग एक बारका मारला. मग एक मोठा. आण्णांनी चमकून मागं बघितलं, कुणी ओळखीचं तर नाही ना. त्यानंतर ती थांबली नाही.

आण्णा बघत राहिले. मी तिखट शेरे ऐकायच्या तयारीत होते. ते एकदम म्हणाले, "तू एकाच अंगानं कावून चावतीस?"

"उजव्या अंगाला दाढा न्हाईत," माय म्हणाली.

"कवा पडल्या?"

माय शेवया घोळवत होती. तिनं माझ्याकडं मान केली. "ही पोटात होती तवा."

मी तिशी ओलांडलेली बाई आहे. म्हणजे तेवढी सगळी वर्षं माय डाव्या अंगानं चावत होती आणि हे त्यांना माहीत नव्हतं. माहीत होणार कसं? एका घरात राहून, एका चुलीचं खाऊन, या माणसानं आपल्या बायकोला जेवताना कधी बघितलेलंच नव्हतं. ते जेवायचे तेव्हा ती उभी असायची आणि ती जेवायची तेव्हा ते ओट्यावर पान खात असायचे. आण्णांनी जग उचलला, स्वतःचा गिलास भरला, मग थोडा वेळ थांबून तिचा भरला.

मायनं वाडगा दोन्ही हातांनी तोंडाला लावला आणि तळाचा रस्सा पिऊन टाकला. आचाऱ्यानं रिकामा वाडगा उचलून उलटा करून दाखवला. ती हसली. तेव्हा मलाही दिसल्या तिच्या उजवीकडच्या रिकाम्या जागा. मीही कधी बघितल्या नव्हत्या, कारण मी तिच्या आधी जेवून उठणारी.

ऑपरेशन पुढं झालं, नीट झालं, ते सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पण ते झालं कारण रक्त वाढलं, आणि रक्त वाढलं ते सहज वाढलं नाही. गावी गेल्यावर आठवडाभर माय पुन्हा "मला चालतंय" वर आली होती. मी फोनवर जेवलीस का विचारलं की हो म्हणायची, आणि मागं भांड्यांचा आवाज यायचा. मग मी रजा टाकली आणि थेट गावी गेले. चुलीपाशी पाट टाकला, मायला बसवलं आणि भाकऱ्या थापायला मी घेतल्या. मला त्या धड येत नाहीत. पहिली तव्यावरून उतरली ती वेडीवाकडी, एका बाजूनं जाड, पण वाफाळती. तिच्या ताटात टाकली. शेजारी वाटीत आमटी ओतली.

बाहेर ओटा भरलेला होता. सोसायटीची निवडणूक तोंडावर आलेली, नेकनूरकडची माणसंसुद्धा आली होती. दुपार टळून गेली होती आणि त्यांना भुका लागलेल्या. मायचा घास हातातच राहिला. तिचं सगळं लक्ष बाहेर. मी म्हणाले, माय, खा, त्यांच्यातलं कुणी मरत न्हाई. ती म्हणाली, "लोकं आल्यात गं. तुझ्या आण्णांची इज्जत जाईल." आणि तिनं ताट बाजूला सारायला हात लावला.

तेवढ्यात ओट्यावरून एक आवाज आला. कुणीतरी पुढारी, हसत हसत, हक्कानं. "आण्णा, वहिनीला सांगा की पानं वाढायला. पोटात कावळे वरडायलेत."

आमच्या घरी याचं एकच उत्तर होतं. आण्णा आत तोंड करून हाक मारायचे, "चला गं, वाढा." माय पाटावरून अर्धी उठली. मी तिचा हात घट्ट धरला. आता आण्णांनी हाक मारली असती तर मी काय केलं असतं ते मला आजही सांगता येत नाही, पण चांगलं केलं नसतं.

आण्णा खाकरले. "थांबा जरा," ते म्हणाले. "ती जेवायली."

ओट्यावरचं कुणीतरी म्हणालं, "कोण?" कारण त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"माझी बायको," आण्णा म्हणाले. "जेवायली. तिचं झालं की आपलं. घाई आसंल त्यानं जावं."

आण्णांचं कौतुक करायला मी बसलेली नाही. जे बोलायला माणसाला उभा जन्म लागला त्याचे मी हार घालणार नाही. पण त्या दिवशी आमच्या ओट्यावरून कुणीही उठून गेलं नाही.

माय अजून अर्धी उठलेली होती. ती बाहेरच्या दाराकडं बघत राहिली. मग हळूहळू पाटावर टेकली, मांडी घालून, अख्खी. तिनं भाकरी मोडली. आमटीची वाटी उचलली, आणि डाव्या अंगानं, सगळ्या ओट्याला ऐकू जाईल असा, भुरका मारला.